जुन्या लाकडाचं माप

(1981च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्याआधी बोललेल्या तिघांनी पडद्यावर चित्रं दाखवली. माझ्याकडं चित्रं नाहीत. मी लाकडाचा एक तुकडा आणलाय. त्याची एक बाजू काळीकुट्ट आहे, तेलरंगाचे पोपडे आहेत. दुसरी बाजू काल संध्याकाळी आऱ्यावर कापली. पहिल्या रांगेपासून मागं पाठवत राहा आणि कापलेल्या बाजूचा वास घ्या. काळ्या बाजूला हात लागला तर जेवणाआधी हात धुवा, जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. तुकडा कुठला ते मी थोड्या वेळानं सांगतो.

मी नक्की काय करतो हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. आपल्या ग्रुपवर कुणीतरी माझं नाव 'फर्निचरवाला' असं टाकलंय. मी फर्निचर करत नाही. माझी आरागिरणी आहे. स्टँडच्या मागं वडिलांची वखार होती, तीच. तिथं पूर्वी जळाऊ लाकूड, बांबू आणि वासे मिळायचे. सातवीत असताना मी भुश्श्याचं पोतं घेऊन शाळेच्या शेकोटीला आलो होतो, ते काहींना आठवत असेल. नंतर वडिलांनी आरा बसवला. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं राज्यातल्या विनापरवाना आरागिरण्या बंद झाल्या. वडील परवान्याच्या बाबतीत फार काटेकोर, म्हणून आमचा आरा राहिला. पण जंगलातला ओंडका त्याआधीच कमी व्हायला लागला होता. पुढं 2014च्या एप्रिलपासून म्यानमारनं गोल लाकडाची निर्यात बंद केली, आणि बर्मा सागाचा जो काही ओघ होता तोही आटला. आज बाजारात 'नवा साग' म्हणून जे येतं, त्यातलं बरंचसं आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचं, कांडला बंदरातून उतरलेलं. वीस-पंचवीस वर्षांत वाढवून कापलेली झाडं. वाईट नाही, पण त्यात कडेचं पांढरं लाकूड जास्त असतं, आणि वाळवीला सागातलं तेवढंच आवडतं. गाभ्याला ती सहसा लागत नाही.

म्हणून गेली पंचवीस-तीस वर्षं माझं मुख्य काम जुन्या लाकडाचं. वाडा पडतो, गोदाम पडतं, जुनी शाळा पडते. त्यातले खांब, तुळया, कड्या, वासे माझ्याकडं येतात. ज्याला नवं घर बांधायचंय किंवा जुनं दुरुस्त करायचंय, त्याला हव्या त्या मापात मी ते कापून, रंधून देतो. चौकट पाच बाय तीनची हवी, जिन्याच्या पायऱ्या दीड इंचाच्या हव्यात, माळ्याच्या फळ्या सात सुताच्या हव्यात, हे घरागणिक वेगळं. दुकानात तयार मिळणाऱ्या मापाशी जुन्या घराचं कधीच जुळत नाही. वाईकडच्या एका वाड्यात सोप्याच्या सगळ्या कड्या एकमेकींपेक्षा दोन-दोन सुतांनी वेगळ्या निघाल्या. सुतारानं झाड जसं मिळालं तसं बसवलं होतं. तिथली कुजलेली एक कडी बदलायची तर नवी कडी त्या एकाच जागेसाठी कापावी लागते.

हे काम बाहेरून सोपं दिसतं. लाकूड आलं, आऱ्यावर ठेवलं, कापलं. पण आऱ्यावर जाण्याआधीच अर्धं काम असतं, आणि ते खिळ्यांचं.

शंभर वर्षं उभ्या असलेल्या लाकडात लोक काय काय ठोकून ठेवतात! कॅलेंडरचा खिळा, कंदिलाचा आकडा, पाळण्याची कडी, विजेच्या वायरीच्या पट्ट्यांच्या चुका, गौरी-गणपतीच्या मखराचे खिळे. दर वर्षी नवा ठोकायचा, जुना काढायचा नाही, ही आपली परंपरा. वर दिसणारे खिळे पकडीनं, पहारीनं निघतात. डोकं तुटून आत राहिलेला दिसत नाही. मग हातातलं मेटल डिटेक्टर चारी बाजूंनी फिरवायचं, जिथं आवाज येईल तिथं खडूनं गोल काढायचा आणि पटाशीनं खोदायचं. एक तुळई साफ करायला दोन माणसांची सकाळ जाते. कधी लाकूडच सांगतं. लोखंड आणि सागाचा रस यांची ओळख झाली की भोवती निळसर काळा डाग पडतो. डाग दिसला की थांबायचं.

नाही थांबलं तर काय होतं, ते माझ्या मिस्त्रीच्या हनुवटीवर लिहिलेलं आहे. चालता आरा खिळ्यावर आला, पातं तुटलं, आणि त्याचा तुकडा रक्षकपट्टीला लागून वर उडाला. सहा टाके पडले. चार बोटं वर लागला असता तर डोळा होता. तो दिवस माझ्या घाईचा होता. गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि मी म्हणालो होतो, "झालंय बघून, लाव." झालेलं नव्हतं. मिस्त्री अजून माझ्याकडंच आहे. पण तेव्हापासून डिटेक्टर तो स्वतः फिरवतो, माझ्या हातात देत नाही.

मग कापायचं. इथं मला आपल्या गणिताच्या सरांची माफी मागायची आहे. सर, तुम्ही मला प्रगतिपुस्तकात 35 पैकी 35 दिले होते, म्हणजे पास होण्यापुरते. तुम्ही 'घनफळ' शिकवत होता तेव्हा मी खिडकीतून वखारीकडं बघत होतो. आता रोज तेच करतो. आमच्या धंद्यात रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात. तिघांचा गुणाकार, भागिले 144, की आलं घनफूट. सात बाय सातचा आठ फुटी खांब म्हणजे 2.72 घनफूट. पण बाहेरचा काळा थर, भेगा, खिळ्यांची भोकं काढून तो सहा बाय सहाचा होतो, म्हणजे दोन घनफूट. पाऊण फूट इथंच गेलं.

पुढं आरा. सहा इंच म्हणजे 48 सूत. मला सात सुताच्या फळ्या हव्यात. बँडसॉचं पातं एका कापाला साधारण एक सूत लाकूड खातं. सहा फळ्यांचे 42, मधल्या पाच कापांचे 5, झाले 47. सहा फळ्या निघाल्या. गोल आरा एका कापाला दोन सूत खातो. सहा फळ्या काढायच्या तर 42 आणि 10, म्हणजे 52 सूत हवेत, आणि आहेत 48. म्हणून पाचच निघतात, आणि एक फळी भुश्श्यात जाते. नव्या, स्वस्त लाकडाला हे चालून जातं. हे लाकूड पुन्हा मिळणार नाही, म्हणून मी गोल आऱ्यावर ते चढवत नाही. शिवाय सागात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, पात्याची धार ते फार लवकर खातात. दिवसातून दोन-तीनदा पातं उतरवून दात घासावे लागतात. गिऱ्हाइकाला कापाईचा दर जास्त का वाटतो, त्याचं कारण हे.

कापलेल्या फळ्या लगेच रंधायच्या नाहीत. लोक म्हणतात, शंभर वर्षं वाळलेलं लाकूड, त्याला आता काय व्हायचंय? होतं. वरचा थर वाळलेला असतो, आतला वेगळा. इतकी वर्षं धरून ठेवलेला ताण काप दिल्यावर सुटतो. डोळ्यांसमोर फळी धनुष्यासारखी वाकलेली मी पाहिली आहे. म्हणून मधे पट्ट्या घालून सावलीत थप्पी लावायची, दोन-तीन आठवडे जाऊ द्यायचे, मग रंधा. पुण्याचा एक आर्किटेक्ट नेहमी भांडतो, "तीन आठवडे कशाला थांबता?" मी त्याला एकदा न थांबता फळ्या दिल्या. त्यानंतर भांडत नाही.

आणखी एक सांगतो, मग मुद्द्यावर येतो. हल्ली हॉटेलवाल्यांना जुनं लाकूड 'जुनं दिसलेलं' हवं असतं. खिळ्यांची भोकं बुजवू नका म्हणतात. त्यातल्या एकानं तर सांगितलं, "या फळीला भोकं कमी आहेत, आणखी चार-पाच पाडून द्या." मिस्त्रीनं ड्रिल उचललं, माझ्याकडं बघितलं, आणि खाली ठेवलं.

आता मुद्दा.

वाड्याचं लाकूड विकत घ्यायच्या दोन पद्धती. एक, मापानं. लाकूड उतरवायचं, मोजायचं, फुटाला अमुक दर. दुसरी, उक्ती. उभा वाडा बघायचा, अंदाज करायचा, एकच रक्कम ठरवायची. विकणाऱ्याला उक्ता सौदा बरा वाटतो. रक्कम लगेच मिळते, कटकट नाही. पण त्यात एक गोष्ट आहे. विकणाऱ्याला जे दिसतं तेवढंच त्याला माहीत असतं. घेणाऱ्याला न दिसणारंही माहीत असतं.

1993 साली मी माझा पहिला मोठा सौदा एकट्यानं केला. वडील आजारी होते. वाडा आपल्याच वर्गातल्या एका मित्राचा. मी त्याला विचारून हे बोलतोय. तो म्हणाला, सांग, पण माझं नाव घेऊ नको. तो आज इथं आहे की नाही, हेही मी सांगणार नाही. त्याचे वडील गेले होते, भावकीत वाटण्या झाल्या होत्या, जागा बिल्डरला द्यायची होती. तो नोकरीला लांब. व्यवहार त्याच्या आईनं माझ्याशी केला. दहावीच्या वर्षी अभ्यासाला म्हणून मी त्या घरी पडलेला असायचो. काकूंच्या हातचं थालीपीठ खाल्लेला मुलगा म्हणून त्यांनी मला बोलावलं. दुसऱ्या कुणाला बोलावलंच नाही.

मी टेप न लावता वाडा फिरलो. सोपा पाच खणांचा. खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर, जुन्या घरांचं माप खणांवर चालायचं. दिसणारे खांब, तुळया, कड्या मनात धरल्या आणि म्हणालो, "काकू, शंभर-सव्वाशे घनफूट निघेल." त्या हिशेबानं रक्कम ठरली. काकूंनी घासाघीस केली नाही. चहा केला.

दिसणाऱ्या लाकडाबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. पण आपल्याकडच्या वाड्यांच्या बांधणीत विटांच्या भिंतीच्या आत लाकडी खांब उभे असतात. भिंत लिंपलेली, त्यावर चुना, बाहेरून काही दिसत नाही. आत लाकडाचा सांगाडा आणि मधे वीटकाम. तुळई भिंतीत जिथं शिरते तिथं बघितलं की जाणत्याला कळतं, की ती विटेवर टेकलेली नाही, आत खांबावर टेकलेली आहे. मला ते कळलं होतं. कड्यांच्या वरचा फळ्यांचा थर मातीच्या जमिनीखाली दडलेला असतो, तोही मला माहीत होता. काकूंना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

वखारीत उतरवून मोजलं तेव्हा 212 घनफूट भरलं. ती वही माझ्याकडं अजून आहे. पेन्सिलीनं लिहिलेला आकडा, खाली दोन रेघा. त्या रात्री मी वडिलांना सांगितलं. मला वाटलं शाबासकी देतील. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिसलं नाही असं म्हणायची सोय तुला नाही." मी ऐकलं आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी उठून काकूंकडं गेलो असतो तर आज ही गोष्ट सांगावी लागली नसती.

त्या लाकडाचं मी काय केलं तेही सांगतो. नक्षीचा दिंडी दरवाजा मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला गेला. खांबांवर केळफुलाची नक्षी होती. त्या काळी नक्षीला इथं गिऱ्हाईक नव्हतं, चौकटींना होतं. मी नक्षी रंध्याखाली घातली. गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत ज्यांनी त्या वर्षी घरं बांधली, त्यांच्या चौकटी त्या खांबांच्या आहेत. इथं बसलेल्या दोघांच्या घरी आहेत. त्यांना आत्ता कळतंय.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. भेटायला गेलो तेव्हा सगळे उठून गेल्यावर मी मित्राला हे सांगितलं. वही बरोबर नेली होती. म्हणालो, तेव्हाच्या दरानं 90-100 घनफुटांचे पैसे अधिक व्याज, तू म्हणशील तो हिशेब. तो वहीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्या झोपाळ्याच्या कड्या कुठं गेल्या?" पितळी कड्या होत्या. त्या मी भंगारात दिल्या होत्या. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "आईनं त्या पैशात ताईचं लग्न केलं. कमी पडले म्हणून पतपेढीचं कर्ज काढलं. ते फेडायला तिला सात वर्षं लागली." एवढंच. रागावला नाही, आणि राहू दे असंही म्हणाला नाही. पैसे त्यानं घेतले. मला ते बरं वाटलं.

हे सगळं तुमच्यासमोर का सांगतोय? कारण आता सौदा शाळेचा आहे.

मघाशी मागं गेलेला तुकडा बहुतेकांच्या हातून गेला असेल. तो आपल्या बैठ्या इमारतीच्या छपराचा आहे. पाचवी ते सातवीचे आपले वर्ग जिथं भरायचे, तीच. गेल्या पावसाळ्यात तिथला एक वासा मोडून कौलांसकट खाली आला. सुट्टीचा दिवस होता म्हणून वर्गात कुणी नव्हतं. त्यानंतर तपासणी झाली, भिंती धोक्याच्या ठरल्या, आणि संस्थेनं इमारत उतरवायचं ठरवलं. त्या निर्णयाबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी वर चढून पाहिलंय. भिंतीतून पाणी झिरपून कैच्यांची टोकं कुजली आहेत. मुलांना तिथं बसवता येणार नाही.

पण एका ठेकेदारानं संस्थेला प्रस्ताव दिलाय: पाडकाम फुकट करून देतो, निघेल तो माल माझा. संस्थेला तो चांगला वाटला. फुकट म्हटल्यावर कुणालाही वाटेल. तो ठेकेदार लबाड आहे असं मी म्हणत नाही. 1993 साली मी जे केलं तेच तो करतोय, आणि धंद्यात ते सगळेच करतात. सचिवांनी मला सहज विचारलं, "तुमच्या मते लाकूड किती असेल?" मी म्हणालो, अंदाज सांगणार नाही, मोजून सांगतो.

दोन सकाळी मी आणि मिस्त्री शिडी लावून वर होतो. नऊ कैच्या आहेत. एकेका कैचीत पायथ्याची तुळई 24 फुटी, पाच बाय आठची, आणि ती अख्खी आहे, सांधा नाही. आज एवढं लांब, एवढं सरळ सागवान मला कुठं विकत मिळणार नाही. कैच्या, वरच्या आडव्या पर्लिनी, वासे आणि दारा-खिडक्यांच्या चौकटी मिळून 296 घनफूट. त्यातली कुजकी टोकं, भेगा, काळा थर काढून आणि कापाईत जाणारं धरून हातात साधारण 175 घनफूट चांगलं लाकूड येईल. मोडलेल्या वाशाच्या टोकाला मी भिंग लावून वलयं मोजली. एका इंचात सतरा. लागवडीच्या नव्या सागात तीन-चार दिसतात. गावात लोक म्हणतात तो बर्माचा साग आहे. आमच्याकडं कुठलंही जुनं लाकूड बर्माचंच असतं, तसं म्हटलं की दर वाढतो. मी एवढंच सांगतो, की साग आहे, आणि दाट वाढीचा आहे.

नव्या इमारतीच्या नकाशात 18 दारं आहेत. अंदाजपत्रकात त्यांना लोखंडी चौकटी धरल्या आहेत. पाच बाय तीनच्या सागवानी चौकटी केल्या तर एकीला पावणेदोन-दोन घनफूट, म्हणजे 18 चौकटींना फार तर 36. सभागृहाचं व्यासपीठ 20 बाय 12 फुटांचं, एक इंच फळीनं 20 घनफूट. उरलेल्यात ग्रंथालयाची सगळी कपाटं होतील आणि तरी शिल्लक राहील. ती शिल्लक संस्थेनं मापानं, उघड बोलीनं विकावी. त्यातून पाडकामाची मजुरी निघेल असा माझा हिशेब आहे. हिशेबाचा कागद बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर ठेवलाय. गणिताच्या सरांनी तपासून द्यावा, ही विनंती.

एक इशाराही देतो, म्हणजे नंतर मला कुणी बोलायला नको. कैच्या पुन्हा कैच्या म्हणून वापरायच्या नाहीत. त्यांना खाचा आहेत, बोल्टची भोकं आहेत, टोकं कुजली आहेत. वजन पेलायला त्या वापरायच्या असतील तर इंजिनिअरनं एकेक तपासायला हवी. शाळेच्या बाबतीत 'दिसतंय दणकट' हा शब्द चालणार नाही. चौकटी, फळ्या, कपाटं, एवढंच.

कापाई आणि रंधाई मी करून देईन, मजुरी घेणार नाही. पात्यांचा आणि विजेचा खर्च संस्थेनं द्यावा, तेवढा मला परवडत नाही. आणि शिलकीच्या बोलीत मी नसेन. यातलं एक घनफूटही मी विकत घेणार नाही, माझ्या मुलाच्या किंवा मेव्हण्याच्या नावानंही नाही. माझं माप बरोबर आहे का, हे बघायला शेजारच्या तालुक्यातल्या एका वखारवाल्याला बोलवा. त्याचं आणि माझं पटत नाही, म्हणून तोच चांगला.

तुमच्याकडून मला पैसे नकोत, ते संस्था मागेल तेव्हा द्या. मला तीन गोष्टी हव्या आहेत. लाकूड वरून खाली क्रमानं, पहारीनं न फोडता उतरवायचं तर ठेकेदाराच्या माणसांसोबत रोज कुणीतरी आपलं माणूस उभं हवं. निवृत्त झालेले बरेच जण आहात, पाळ्या लावा. दुसरं, पाऊस यायच्या आत ते कोरड्या जागी हलवायला हवं. गोदाम कुणाचं रिकामं असेल तर सांगा. तिसरं, पुढच्या आठवड्यात संस्थेची सभा आहे. माजी विद्यार्थी म्हणून ज्यांना तिथं जाता येतं त्यांनी जा, आणि मोजल्याशिवाय काही देऊ नका एवढंच म्हणा. मी स्वतः गेलो तर म्हणतील, याला लाकूड हवंय.

आणि आता एक प्रश्न पीटीच्या सरांना. सर, सातवीच्या वर्गाच्या मधल्या कैचीला तुम्ही दोरीचा मल्लखांब बांधायचात. पावसाळ्यात मैदानावर जाता येत नसे म्हणून बाकं मागं सरकवून आम्ही तिथं दोरी चढायचो. तिथं मोठी कडी होती. आता कडी नाही, कुणीतरी वरच्यावर कापून घेतलीय, पण बोल्ट आत आहे. डिटेक्टर त्या तुळईवर दोन हातांच्या अंतरात तीन ठिकाणी आवाज देतो. मिस्त्री म्हणतो एक बोल्ट आहे, मी म्हणतो तीन. कडी एकदा निघून आली होती आणि तुम्ही ती बाजूला सरकवून पुन्हा बसवलीत, असं मला अंधुक आठवतंय. पोरं खाली होती का, तेही आठवत नाही. बोल्ट आरपार आहे की अर्ध्यात, हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. जेवण झालं की पाच मिनिटं माझ्याबरोबर तिथपर्यंत चला. खडू मी खिशात आणलाय.